दुसरे घर घेण्यापूर्वी

धर्मग्रामाच्या कार्यालयात कामानिमित्त येणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे नेहमी असतात. एकाला खोली हवी असते आणि दुसऱ्याला भाडेकरू हवा असतो. परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी नंदुरबारकडून धुळ्याला आलेली मुलगी, बदली होऊन भुसावळला आलेला रेल्वेतील कारकून, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत नुकतेच कामाला लागलेले जोडपे ही पहिल्या प्रकारातली. "फादर, माणूस चांगला आहे अशी दोन ओळींची चिठ्ठी द्या, म्हणजे मालक ऐकतील," अशी त्यांची विनंती असते. दुसऱ्या प्रकारातली मंडळी अंमळ हळू आवाजात बोलतात. "कोणी ओळखीचे कुटुंब असेल तर कळवा फादर. भाड्याचे पाहू पुढेमागे, पण माणसे सरळ हवीत." खानदेशातील माझ्या सेवाकाळात अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

गेल्या काही वर्षांत यात तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे. निवृत्ती जवळ आली आहे, हाती एकरकमी पैसा येणार आहे आणि 'एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा काय?' हा प्रश्न मनात घोळतो आहे, अशी ही मंडळी. हा प्रश्न धर्मगुरूला विचारण्याचा नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले. 'इंडेक्स टू' म्हणजे काय हे कोणी शिकवले नाही. तथापि जुन्या इमारतींची घरपट्टी, पाणीपट्टी, सिटी सर्व्हेचे उतारे आणि गळकी छपरे सांभाळता सांभाळता या शास्त्राची मुळाक्षरे धर्मगुरूच्या पदरी आपोआप पडतात. शिवाय विचारणारा जेव्हा विचारतो, तेव्हा त्याच्या आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न असतो. म्हणून हा लेख.

भुसावळचे एक सद्गृहस्थ रेल्वेत उभे आयुष्य काढून २०२३ साली निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी वगैरे मिळून चौतीस लाखांच्या आसपास रक्कम हाती आली. निवृत्तिवेतन होते, परंतु पत्नीला जुना मधुमेह आणि धाकट्या मुलीच्या शिक्षणाची तीन वर्षे शिल्लक. जळगावात महामार्गापासून थोड्या आत असलेल्या एका नव्या इमारतीतली सदनिका त्यांना कोणी दाखवली होती. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वीजमीटर, सारे धरून तीस लाख. 'महिन्याला साडेसात हजार भाडे बसल्या जागी' असे मध्यस्थाने सांगितलेले. बयाणा देण्याच्या आदल्या रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, ते माझ्याकडे आले.

"बँकेत का ठेवत नाही?" असे मी विचारताच ते गप्प झाले. मग त्यांनी सांगितले की पूर्वी एका लहानशा पतसंस्थेत त्यांनी पावणेदोन लाख ठेवले होते. संस्थेचे नाव येथे नको. त्यातले मोजके काही परत आले. बाकीच्या रकमेची पावती त्यांनी अजून कपाटात जपून ठेवली आहे. "भिंत कोणी पळवून नेत नाही, फादर," ते म्हणाले.

या एका वाक्यात खानदेशातील कितीतरी घरांची कथा आहे. आपल्या जिल्ह्यांत पतपेढ्या गल्लोगल्ली उभ्या राहिल्या, दोन टक्के व्याज जास्त देऊ लागल्या आणि त्यांतल्या अनेक कोसळल्या. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेचे प्रकरण २०१५ साली उघडकीस आले, तेव्हा अनेक जिल्ह्यांतील ठेवीदार हवालदिल झाले होते. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते, फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेतील एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत केले गेले. पतसंस्थेच्या ठेवीला ते मुळीच नाही. हा भेद आपल्या माणसांना कोणी समजावून सांगितला नाही. आणि एकदा हात पोळल्यावर त्यांनी पतसंस्था, बँक, टपाल कार्यालय ही सारी एकाच माळेत ओवली. मग उरले काय? सोने आणि घर.

पण भीतीपोटी घेतलेल्या घराचाही हिशेब करावाच लागतो. बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा शुभवर्तमानातील दृष्टांत आपल्याला पाठ आहे. तो आपण परमार्थापुरता राखून ठेवतो इतकेच. आम्ही कागद घेतला. साडेसात हजार दरमहा म्हणजे वर्षाचे नव्वद हजार. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षाकाठी महिनाभर घर रिकामे राहते असे धरले, तर साडेब्याऐंशी हजार. घरपट्टी, इमारतीचा देखभाल खर्च, मध्यस्थाची दलाली, रंग, नळ, मोटारदुरुस्ती यांना वीस हजार धरले, तर हाती उरले साडेबासष्ट हजार. तीस लाखांवर हे शेकडा दोनच्या किंचित वर पडते. त्याच तीस लाखांची ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेव ठेवली असती तर? त्या योजनेची कमाल मर्यादा २०२३ सालीच पंधरावरून तीस लाखांवर नेली गेली होती आणि त्या एप्रिलपासूनचा दर ८.२ टक्के होता. ज्या दिवशी पैसे ठेवावे त्या दिवशीचा दर पाच वर्षे टिकतो. म्हणजे वर्षाला दोन लाख सेहेचाळीस हजार. जवळजवळ चौपट. आणि हमी सरकारची.

आमचे गृहस्थ हुशार. ते लगेच म्हणाले, "पण फादर, घराची किंमत वाढते. व्याजाची रक्कम पाच वर्षे तेवढीच." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. महागाई वाढते तसे भाडेही वाढवता येते. ठेवीच्या व्याजाला ते भाग्य नाही, आणि त्या व्याजावर कर पुरा लागतो. भाड्याच्या उत्पन्नातून आधी भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेतून शेकडा तीस दुरुस्तीदाखल सरसकट सोडून दिले जातात, मग तुम्ही तेवढा खर्च करा वा करू नका. हे घराच्या बाजूने झाले. पण दोन आणि आठ यांतील सहा टक्क्यांची तूट भरून काढायची, तर घराची किंमत दरवर्षी सरासरी सहा टक्क्यांनी वाढत गेली पाहिजे. म्हणजे तीस लाखांचे घर बारा वर्षांत साठ लाखांचे झाले पाहिजे. कदाचित होईलही. परंतु वाढते ती जमिनीची किंमत. इमारत तर दरवर्षी जुनी होत असते. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकाधारकाच्या वाट्याला जमीन येते किती? शिवाय वाढलेली किंमत विकल्याखेरीज हाती येत नाही. जळगावसारख्या सोन्याच्या गावात वाढलेल्या बायका हे आपल्यापेक्षा चांगले जाणतात. अडीनडीला दोन बांगड्या मोडता येतात. दवाखान्याचे बिल भरायचे म्हणून फ्लॅटचे स्वयंपाकघर तेवढे विकता येत नाही.

ज्यांच्याजवळ रोख रक्कम नाही आणि जे कर्ज काढून दुसरे घर घेऊ पाहतात, अशा तरुण जोडप्यांचा हिशेब याहून कठीण आहे. वीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत, तर मासिक हप्ता अठरा हजारांच्या घरात जातो. वीस वर्षांत फेड होते त्रेचाळीस लाखांची. भाडे साडेसात हजार आले तरी दरमहा दहा हजारांहून अधिक रक्कम पगारातून घालावी लागणार. 'भाडेकरूच हप्ता फेडतो' हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. आपल्या भागातल्या भाड्यांत ते खरे ठरलेले मी अद्याप पाहिलेले नाही.

तेव्हा दुसऱ्या घराच्या आधी काही गोष्टींचा क्रम लागतो. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, हात लावताच मिळेल असा. कुटुंबाचा आरोग्य विमा. कमावता माणूस तरुण असेल तर त्याच्या आयुष्याचा साधा मुदतीचा विमा. सोनेतारणाचे किंवा खाजगी सावकाराचे कर्ज असल्यास ते आधी मोकळे करणे. भिशीत अडकलेले पैसे हिशेबात धरू नयेत. ते मिळाले तर आनंद मानावा. या साऱ्यानंतर जे उरेल त्यातून घराचा विचार. उरत नसेल तर विचार पुढे ढकलावा, त्यात कमीपणा नाही.

कर्ज काढून, भाड्याच्या आशेवर इमारती उभ्या केल्या म्हणजे काय होते, याचा दाखला शोधायला जळगावकरांना लांब जावे लागत नाही. शहरातली सतरा मजली इमारत ते रोज पाहतात. जळगाव नगरपालिकेने, आणि २००३ साली तिची महापालिका झाली ती याच वारशासह, शहरभर व्यापारी संकुले बांधली. पालिकाच शहरातली सर्वांत मोठी घरमालक झाली. नगरपालिकेच्या काळात १९८९ पासून पुढे दहा-बारा वर्षे निरनिराळ्या योजनांसाठी 'हुडको'कडून शंभर कोटींहून अधिक कर्ज घेतले गेले. गरिबांच्या घरकुलांची योजना त्यांतलीच. ती अर्धवट राहिली, तिच्यावर खटला झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यात ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. कर्जाचे व्याज मात्र खटल्यासाठी थांबत नाही. हप्ते थकले, महापालिकेची बँक खाती गोठवली गेली, कर्मचाऱ्यांच्या पगारांचे वांधे झाले, आणि अखेर २०१९ साली राज्य शासनाने मध्ये पडून एकरकमी तडजोड केली तेव्हा ती मान सुटली.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मला अधिक बोलका वाटतो. महापालिकेच्या अठरा संकुलांतील दोन हजारांहून अधिक गाळ्यांचे करार २०१२ साली संपले. करार संपण्याची तारीख करारातच लिहिलेली असते. ती अचानक येत नाही. तरीही ती आली तेव्हा पुढे काय करायचे हे ठरलेले नव्हते. नवे भाडे कोणत्या दराने? गाळ्यांचा लिलाव करायचा की त्याच व्यापाऱ्याला मुदतवाढ द्यायची? मधल्या काळाचे भाडे धरायचे की नुकसानभरपाई? प्रश्न सभागृहातून न्यायालयात, न्यायालयातून मंत्रालयात फिरत राहिले. थकबाकी फुगली. व्यापारी म्हणत, एवढी रक्कम आम्ही आणायची कोठून. पालिका म्हणे, हे आमचे हक्काचे उत्पन्न. दोघांचेही काही अंशी खरे होते आणि दोघांचेही नुकसान झाले. जी गोष्ट वकील, अभियंते आणि आयुक्त पदरी असलेल्या महापालिकेला सांभाळता आली नाही, ती एक कारकून निवृत्तीनंतर बसल्या जागी सांभाळील असे कोणी म्हणू लागले, तर त्याला हा इतिहास सांगावा.

कागदांकडे वळतो. महाराष्ट्रातल्या घरमालकाच्या मनात भाडेकरूविषयी जी धास्ती बसली आहे ती उगाच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या घरटंचाईत निराधारांना रस्त्यावर फेकले जाऊ नये हा त्यामागचा हेतू स्तुत्य होता; पण तात्पुरता म्हणून आलेला तो कायदा पन्नास वर्षे मुदतवाढीवर जगला. दहा रुपये भाड्यात कौले कोण बदलणार? जुन्या पेठांतून खचलेले वाडे दिसतात, त्यांतल्या अनेकांचे दुखणे हेच. १९७३ साली दुरुस्ती होऊन त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे केवळ परवान्याने राहत होते तेही भाडेकरू ठरले. त्या दिवसापासून मालकांनी हाय खाल्ली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात ही गोठलेली भाडी कालौघात अवाजवी ठरली असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

या कायद्यातले एक कलम प्रत्येक घरमालकाने ध्यानात ठेवावे. भाडेकरार असो वा 'लीव्ह अँड लायसन्स' असो, तो लेखी असला पाहिजे आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवला पाहिजे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी शिक्षा पुढेच आहे. वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. 'अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ही अकरा महिन्यांची युक्ती १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणीची सक्ती आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यापुढे ती युक्ती चालत नाही. शंभराच्या मुद्रांकावर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला कागद हातात असलेले अनेक सज्जन माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना वाटते करार झाला. नोंदणीचा खर्च एका महिन्याच्या भाड्याहून पुष्कळ कमी येतो आणि ती घरबसल्या संगणकावरूनही होते. नोंदवलेल्या परवान्याची मुदत संपूनही कोणी घर सोडले नाही, तर ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता न धरता सक्षम अधिकाऱ्याकडे जाता येते. कागद करताना नाते दुखावेल ही भीती आपल्या समाजात फार. माझा अनुभव उलटा आहे. कागद नसलेली नातीच जास्त दुखावली गेली.

घेण्याच्या घराचे कागद हा वेगळा विषय. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध. एवढे पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. शेतीचा तुकडा 'प्लॉट' म्हणून विकणारे शहराच्या चारी वेशींवर आहेत. महिलेच्या नावे राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून देण्यात आली, हेही जाता जाता सांगतो. पत्नीच्या नावे घर करण्याचे त्याहून चांगले कारण खरे तर पत्नीच आहे.

बरे, घर कोणते? विकत घेणारा दर्शनी भाग पाहतो, फरशी पाहतो, देवघराची वा वेदीची जागा पाहतो. भाडेकरू दोनच गोष्टी विचारतो. पाणी किती दिवसांआड येते, आणि वर स्लॅब उघडी आहे काय? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सर्वांत वरच्या मजल्यावरची सदनिका विकणारा 'हवेशीर' म्हणतो. रात्री अकरा वाजता तिथल्या भिंतीला हात लावून पाहावा. धुळ्यात नळ कित्येक दिवसांआड येतो, तेव्हा जमिनीखालची टाकी केवढी आहे हे संगमरवरी ओट्याहून महत्त्वाचे. भाडेकरू दर उन्हाळ्यानंतर घर सोडतो अशी तक्रार करणाऱ्या एका मालकाला मी गच्चीवर पांढरा चुना मारून कूलरसाठी खिडकीबाहेर लोखंडी स्टँड बसवायला सांगितले. खर्च थोडका. नंतरचा भाडेकरू चौथ्या वर्षीही तिथेच आहे. घर रिकामे राहण्याचा तोटा वर हिशेबात धरला होता तो असा वाचतो.

धुळ्याची गोष्ट निघालीच आहे तर एक आठवण देतो. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज याने खानदेशचे मुख्य ठाणे म्हणून धुळे निवडले, तेव्हा ते लहानसे गाव होते. माणसे यावीत म्हणून त्याने घर बांधण्यास जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि पक्की घरे उभारण्यासाठी जुन्या रहिवाशांना तसेच नव्यांना आगाऊ रकमाही दिल्या. सरळ आखलेल्या पेठा त्या काळच्या. बाहेरून आलेल्या अनोळखी माणसाला छप्पर देऊन वसलेल्या गावात परक्याला घर मिळणे अवघड व्हावे, हे मला नेहमी बोचते.

आमच्या भुसावळच्या गृहस्थांनी काय केले ते सांगायचे राहिले. त्यांनी जळगावची सदनिका घेतली नाही. वीस लाख टपाल कार्यालयात ठेवले, पाच लाख मुलीच्या शिक्षणासाठी आणि आजारपणासाठी बँकेत वेगळे काढले, आणि स्वतःच्या घरामागील मोकळ्या जागेत, पालिकेची परवानगी घेऊन, एक खोली, स्वयंपाकघर आणि स्वतंत्र संडास-न्हाणीघर बांधले. सहा लाख लागले. जमीन आधीचीच. चार हजार भाडे येते. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार म्हणजे खर्च जाण्यापूर्वी शेकडा आठ. नळ गळला तर ते स्वतः वॉशर बदलतात. अंगण एकच असल्याने भाडेकरूची लहान मुले त्यांच्या पत्नीच्या तुळशीमागे लपतात, हे हिशेबात धरलेले नव्हते.

अंगण एकच असण्याचा प्रश्न मात्र येथूनच सुरू होतो. भाडेकरू कोण? आपल्या कुटुंबांना हा प्रश्न उलट बाजूने चांगला परिचित आहे. नाव सांगितले, आडनाव सांगितले, की समोरचा विचारतो, "तुमच्यात मटण-मासे खातात ना?" आणि खोली 'कालच दिली गेलेली' असते. ज्यांनी हे सोसले त्यांच्यापैकीच काहीजण आज घरमालक झाले आहेत. त्यांच्यातल्या एका बाईंकडे मी परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या दोन पावरा मुलींसाठी चिठ्ठी दिली होती. बाईंनी चिठ्ठी वाचली आणि मला दूरध्वनी केला, "फादर, त्या लोकांच्या मुली... नीट राहतील का हो?" मी विचारले, "तुमचे यजमान पहिल्यांदा धुळ्याला आले तेव्हा त्यांच्याविषयी हे कोणी विचारले होते का?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मुलींना खोली मिळाली. पण एक महिन्याऐवजी तीन महिन्यांची अनामत घेऊन. ती मला आवडली नाही आणि मी तसे बोललो. मालकाला ओळखपत्र पाहण्याचा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचा, कामाच्या ठिकाणी चौकशी करण्याचा अधिकार आहे. तो त्याने जरूर बजावावा. जातीवरून अनामत वाढवण्याचा अधिकार मला कोठे सापडला नाही.

सेमिनरीतले एक जुने व्याख्यान येथे आठवते. मध्ययुगीन ईशज्ञ व्याजाच्या विरोधात इतके कडक, पण घरभाडे त्यांनी योग्य कसे मानले? संत थॉमस अक्विनास यांनी भेद केला तो असा की पैसा वापरला की खर्च होतो, घर वापरले तरी घर उरते. म्हणून घराची मालकी स्वतःकडे ठेवून त्याचा वापर तेवढा दुसऱ्याला मोल घेऊन देता येतो. १७४५ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी व्याजावर परिपत्र काढले तेव्हाही व्याज आणि इतर न्याय्य करार यांतला भेद जपला. आजच्या बँकेच्या जगात या युक्तिवादाचा पहिला भाग टिकणे कठीण. दुसरा भाग मला अजून उपयोगी वाटतो. घर उरते, तेव्हा त्याची झीजही मालकाची असते. गळके छप्पर भाडेकरूच्या माथी मारून पहिल्या तारखेला भाडे मागायला जाणाऱ्याने आपण नेमके कशाचे मोल घेतो आहोत ते पाहावे.

शेवटचा विषय कोणालाच आवडत नाही. घर आहे पण मृत्युपत्र नाही. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यानुसार मृत्युपत्राविना पती वारला आणि मुले असली, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. 'मुलीचे लग्न झाले, तिचा काय संबंध?' हा आपल्याकडचा समज कायद्याला ठाऊक नाही. सोसायटीत किंवा बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे वारसा ठरला, हाही गैरसमजच. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात; ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये, कारण मग ते दान त्याला मिळत नाही. आणि मृत्युपत्र केल्यानंतर विवाह झाला तर आपल्या कायद्याप्रमाणे ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुरपणी पुनर्विवाह करणाऱ्यांनी हे विसरू नये.

दोन खोल्या भाड्याने दिलेले असेच एक घर माझ्या पाहण्यात होते. वडील गेले, मृत्युपत्र नव्हते, थोरला मुलगा आखातात आणि धाकटा गावात. बहीण सुरतेला दिलेली. पहिल्या महिन्याचे भाडे धाकट्याने घेतले. दुसऱ्या महिन्यात थोरल्याने भाडेकरूला दूरध्वनी करून बजावले की पैसे आईच्या खात्यात भरा. तिसऱ्या महिन्यात बहिणीच्या वकिलाची नोटीस आली, भाडेकरूच्याच नावाने. तो एसटीच्या कार्यशाळेत काम करणारा गरीब माणूस. आमच्या धर्माचा नव्हे, धर्मग्रामाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण पाच तारीख आली की पाकिटात पैसे घालून तो माझ्या कार्यालयाच्या दाराशी उभा राही आणि विचारी, "फादर, या महिन्याचे कोणाला देऊ?"